तेलविहिरीचे वरवंटे

तुमच्या घरचा वरवंटा जमिनीच्या किती खोलीवरून आला, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय?

हसू नका. मी विचारत होते. एप्रिलच्या उन्हात, धामणदरी गावच्या सिमेंटच्या ओट्यावर उभी राहून, हातात मार्कर आणि मोजपट्टी घेऊन, एकेका बाईला विचारत होते. समोर बायांची रांग. प्रत्येकीच्या हातात, नाहीतर काखेत, काळा गोल वरवंटा. ओट्याखाली उभ्या असलेल्या ऑफिसच्या गाडीची काच अर्धी खाली झाली आणि आतून माझे साहेब म्हणाले, "झालं का तुमचं प्रदर्शन?"

प्रदर्शन झालं होतं. त्यातून काय निघालं ते नंतर सांगते. आधी ते मांडावं का लागलं ते ऐका.

मी भूवैज्ञानिक आहे, कंत्राटी. काम एवढंच की गावासाठी पाणी कुठे लागेल ते खडक बघून सांगायचं. साहेब परमनंट आहेत. माझ्या कागदावर त्यांची सही झाली की बोरची गाडी येते. सही नाही तर गाडी नाही.

धामणदरी आसेगावच्या पुढे, टेकाडावर आहे. तिथे घरोघरी नळ द्यायची योजना आली. आधी टाकी बांधली. मग रस्ते उकरून पाइप टाकले. मग प्रत्येक दारात तोटी बसवली आणि तोटीशेजारी घरच्या बाईला उभी करून फोटो काढले. पाणी आणायचं कुठून, हे सगळ्यात शेवटी ठरवायचं होतं. भिंती उभ्या व्हायच्या आधी कुणी खिडक्यांना पडदे लावतं का? पण आमच्याकडे हे असंच चालतं, कारण टाकीचा फोटो निघतो आणि जमिनीखालच्या खडकाचा निघत नाही.

पाण्यासाठी दोन बोर मारल्या. दोन्ही दोनशे फुटांपर्यंत गेल्या. दोन्हींतून नुसता फुफाटा उडाला. आता ऑफिसला एक प्रमाणपत्र द्यायचं होतं: ‘शाश्वत स्रोत उपलब्ध नाही’. त्यावर साहेबांची सही झाली की गाव योजनेतून बाहेर. टाकी तशीच उभी राहणार, तोट्या तशाच दारात राहणार, आणि दर उन्हाळ्यात टँकर. मसुदा मीच टाइप करायचा होता.

"दोन फेल म्हणजे फेल," साहेब म्हणाले. "गुरुवारच्या मीटिंगच्या आधी माझ्या टेबलावर पाहिजे."

"सर, एकदा गावात जाऊन येते."

"दोनदा गेलात ना? तिसऱ्यांदा खडक बदलणार आहे का?"

खडक बदलणार नव्हता. पण मला वच्छलाबाईंच्या दारातली तोटी आठवत होती. त्या तोटीवर त्या पोतेरं वाळत घालायच्या.

वच्छलाबाईंचं घर गावाच्या शेवटाला, त्या सिमेंटच्या ओट्याजवळ. मुलगा हंगामात वीटभट्टीवर जातो. घरात त्या आणि सून नंदा. पाणी आणायचं ते नाल्याकाठच्या विहिरीवरून. जाताना उतार, येताना भरल्या हंड्या-गुंडांसकट चढ. मार्चमध्ये नंदा त्या चढावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर घालून ती लेकराला घेऊन माहेरी जऊळक्याला गेली. प्लास्टर निघालं, तरी ती आली नाही. तिथून तिनं निरोप पाठवला: "नळाले पाणी येईन तवा येईन."

"म्या काय वाईट बोलली काय तिले?" वच्छलाबाई मला विचारत होत्या. "एक शब्द नाही बोलली. तेच म्हणते, आत्या, तुमच्याशी भांडण नाही, माहं भांडण त्या चढाशी हाय. आता चढाशी कोण समझोता करंन, सांगा!"

गुडघे धरून त्या स्वतः पाणी आणत होत्या. सासू-सुनेचं भांडण असतं तर गावानं मिटवलं असतं. हे भांडण आमच्या ऑफिसशी होतं, आणि ऑफिसला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. लहानपणी आमच्या घरी बाबा चळवळीची पत्रकं छापून आणायचे आणि मी ती दुमडायचे. मी मोठ्यानं वाचलेलं पहिलं वाक्य पाण्याच्या हक्काचं होतं. असं वाक्य वाचून वाढलेल्या माणसाला ‘उपलब्ध नाही’ टाइप करताना बोटं जड होतात.

आता थोडं खडकाबद्दल. कंटाळू नका, चार ओळींत संपवते.

आपला वाशिम जिल्हा लाव्हाच्या थरांवर बसलाय. फार फार पूर्वी जमिनीतून तापलेला रस वर आला, पसरला, गोठला. मग त्यावर दुसरा, मग तिसरा. भाकरींची चवड असते तशी. प्रत्येक भाकरीचा खालचा भाग घट्ट आणि वरचा पापुद्रा फुगलेला असतो ना? तसंच इथे. थराचं पोट घट्ट, काळं, त्यात पाण्याला शिरायला जागा नाही. थराचा माथा मात्र भोकाभोकांचा, तडकलेला, कारण रसातली वाफ वर येऊन तिथे अडकली. दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल मातीची पट्टी असते. पाणी थांबतं ते त्या भोकाळ्या माथ्यात. म्हणजे बोर घट्ट पोटात थांबवली तर कोरडी. आणखी खाली जाऊन पुढच्या थराच्या माथ्यात पोचली तर पाणी लागू शकतं. लागेलच असं नाही. लागू शकतं.

तर प्रश्न एवढाच होता: धामणदरीला दोनशे फुटांखाली काय आहे?

याचं उत्तर अस्तित्वात होतं, हे मला माहीत होतं. कारण गावातला तो सिमेंटचा ओटा म्हणजे ‘तेलाची बोर’. काही दशकांपूर्वी एका सरकारी तेल कंपनीनं तिथे शोधविहीर खणली होती. या काळ्या खडकाच्या पार तळाशी तेल आहे का, हे बघायला. तेल नव्हतं. कंपनी पाइपच्या तोंडावर लोखंडी झाकण वेल्ड करून निघून गेली. तेव्हापासून गाव त्या ओट्यावर तूर आणि हळद वाळवतं.

अशी विहीर खणताना खडकाचा ‘कोअर’ काढतात. बाजार समितीत व्यापारी पोत्यात पोकळ सळई खुपसतो आणि आतलं सोयाबीन बघतो, तसंच. पोकळ नळी जमिनीत फिरवत नेतात आणि तिच्यातून दगडाची लांब कांडी बाहेर येते. ती तुकड्या-तुकड्यानं लाकडी पेट्यांत रचतात आणि प्रत्येक तुकड्यावर खोली रंगवतात. त्या पेट्या म्हणजे जमिनीचं आत्मचरित्र. मला त्यातली फक्त सुरुवातीची पानं हवी होती.

मी कंपनीच्या विभागीय ऑफिसला फोन केला. चार ठिकाणी फिरून शेवटी एका अधिकाऱ्याला जोडला गेला.

"मॅडम, ती विहीर ड्राय निघाली होती."

"तेलाला ड्राय, सर. मला पाण्यासाठी हवंय."

"पाण्याचं आम्ही बघत नाही."

"तुम्ही बघू नका. तुम्ही जे बघितलं ते मला दाखवा. वरच्या शे-दीडशे मीटरचं वर्णन."

ते सज्जन होते. त्यांनी एक पान मेल केलं. त्या पानावर विहिरीचा उभा नकाशा होता. तळाशी, जिथे तेलाची आशा होती, तिथे बारीक बारीक रेघा, खुणा, शेरे. आणि त्याच्या वर, अगदी जमिनीपर्यंत, सगळ्या लाव्हाला एकच करडा रंग आणि एकच शब्द: ‘ट्रॅप’.

बस. आमच्या विहिरी, बोरी, शेतं, झाडांची मुळं, सगळं ज्या खडकावर जगतं त्याला एक शब्द. त्यांच्या दृष्टीनं ते दुकानाचं बंद शटर होतं. उघडायचं आणि आत जायचं. शटरचं वर्णन कोण लिहितं?

मी परत फोन केला. "सर, आणि कोअर?"

"खालचे आमच्या स्टोअरला आहेत. वरच्या काळ्या बेसाल्टचे साइटवरच सोडले असणार. ते कशाला उचलायचे?"

गुरुवारला अजून वेळ होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी धामणदरीला गेले. ओट्याशेजारी पूर्वी टिनाची शेड होती म्हणे. आता तिथे बाभूळ होती. पेट्या नाहीत, दगड नाहीत. मी वच्छलाबाईंच्या ओसरीवर बसले आणि विचारलं, "मावशी, तेलाच्या बोरीचे दगड कुठी गेले?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि समोरच्या पाट्याकडं बोट केलं. "हा काय."

पाट्यावर लसणाची चटणी अर्धी वाटून ठेवली होती. आणि चटणीवर आडवा पडलेला वरवंटा म्हणजे माझा कोअर होता. गोल, सरळ, दोन्ही टोकं सपाट कापलेली. असा वरवंटा कोणताही पाथरवट घडवत नाही. तो मशीनमधूनच निघतो.

झालं असं होतं. कंपनी गेल्यावर पेट्यांवर एक राखणदार ठेवला होता. पुढे त्यालाही कुणी विचारेना. शेवटी तो म्हणाला, न्या बाबा ज्याले जे पाहिजे ते. पेट्यांच्या फळ्या गव्हाणीला लागल्या. आणि दगड बायांनी नेले, कारण असा तयार वरवंटा आयता मिळतो कुठे? मग तो गावाचा रिवाजच झाला. धामणदरीची पोरगी सासरी निघाली की भांड्यांबरोबर एक वरवंटा. बारशाला पाळण्याखालून देतात-घेतात तोही हाच. "नंदाच्या पोराच्या बारशाले याच वरवंट्याले टोपडं घातलं होतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "चांगला दिसत होता. पोरापेक्षा काळा, पण गुणाचा. रडला नाही."

म्हणजे माझी जमिनीची पानं कारंज्याला, रिसोडला, मानोऱ्याला, कुठे कुठे सासरी नांदत होती. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. बायांचा राग नाही आला. त्यांनी निदान दगडाचा उपयोग केला. राग आला तो ज्यांनी सरकारी खर्चानं कांडी बाहेर काढली, तिच्यावर आकडे रंगवले आणि मग गरज नाही म्हणून उन्हात टाकून दिली, त्यांचा.

तरी गावात अजून पुष्कळ वरवंटे होते. मी घरोघर गेले.

"काहून नेता वो मॅडम? आमी चटणी कायनं वाटाव?"

"नेत नाही काकू. पाहून लगेच वापस देतो."

"सरकारले आता वरवंटेबी मोजाचे हायेत काय? नळाचं पाणी मोजा म्हणा आधी!"

शेवटी वच्छलाबाईंनीच गल्लीत उभं राहून हाक मारली आणि बाया ओट्यावर जमल्या. साहेबांना मी फोन करून बोलावलं होतं. म्हटलं होतं, सर, कोअर सापडले. म्हणून ते आले, आणि म्हणून ते गाडीतून विचारत होते, झालं का प्रदर्शन.

झालं होतं, आणि वाईट झालं होतं.

एकाही वरवंट्यावर आकडा नव्हता. वर्षानुवर्षं मिरची-मीठ वाटून, घासून, रंगाचा मागमूस राहिला नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे सगळेच्या सगळे वरवंटे एकाच प्रकारचे होते. घट्ट, काळे, एक भोक नाही. थराचं पोट. एकाही तुकड्यात थराचा माथा नाही.

साहेब उतरले. त्यांनी दोन वरवंटे हातात घेऊन वजन बघितलं. "मासिव्ह बेसाल्ट," ते म्हणाले. म्हणजे घट्ट खडक. "वरपासून खालपर्यंत. शंका होती ती गेली. उलट बरं झालं, प्रमाणपत्राला पुरावा जोडता येईल. तुम्हीच शोधलात."

"सर, पण एवढा जाड थर सलग कसा..."

"मॅडम," ते चिडून नाही, थकून म्हणाले, "तुम्हाला पाहिजे तसा खडक निघाला नाही तर खडक चुकीचा का?"

गाडी धूळ उडवत गेली. बाया आपापले वरवंटे उचलून गेल्या. एकजण जाताना म्हणाली, "मॅडमनं फुकटात चटणीले उशीर केला." मी ओट्यावर बसून राहिले. मी माझ्याच हातानं गावाविरुद्ध पुरावा गोळा केला होता.

संताप असा की तो कुणावर काढावा तेही समजेना. पाय हळदीच्या आणि मातीच्या फुफाट्यानं भरले होते. वच्छलाबाई म्हणाल्या, "चाल पोरी, पाय धू. चा पिऊन जा."

"पाणी कायले घालवता मावशी?"

"लोटाभर पाण्यानं काय होते? तसेबी तुहे पाय पाह्यले तर म्हशी लाजतीन."

न्हाणीत गेले. त्यांनी लोटा दिला आणि माझ्या टाचा बघून कोनाड्यातला एक दगड हातात कोंबला. "घास त्याच्यानं. सायबाच्या ऑफिसात बसून टाचा कायच्या भेगाळल्या तुह्या?"

मी टाच घासायला लागले. दगड खरखरीत होता. छान घासत होता. मी थांबले.

खरखरीत का होता? कारण त्यात भोकं होती. बारीक बारीक, उघडी. मी तो उलटा केला. गोल. एक टोक सपाट कापलेलं.

"मावशी, हा कुठला?"

"तोबी त्याच बोरीचा. अशे लय होते."

"मग मघाशी काहून नाही आणला?"

"तूच म्हणली वरवंटे आणा. ह्यो काय वरवंटा हाय? याच्यानं चटणी वाटली तर भोकात मिरची बसंन आन् भाकरीत खडे येतीन. घट्ट ते चटणीले, भोकाळे ते टाचीले. एवढं नाही समजत तुले?"

समजायला हवं होतं. मी वरवंटे मागितले. गावानं वरवंटे आणले. आणि वरवंटा म्हणून घट्ट दगडच निवडला जातो. मी जे बघून ‘खाली सगळं घट्ट आहे’ म्हणणार होते, ती जमिनीची निवड नव्हतीच. ती चटणीची निवड होती.

मी दगड उजेडात धरला. घासून घासून वरचा रंग गेला होता. पण भोकांच्या तळाशी, जिथे टाच पोचत नाही, तिथे पांढरा रंग शिल्लक होता. ठिपके ठिपके. डोळे बारीक करून बघितलं तर ठिपक्यांचा सात दिसत होता. शेजारी ठिपक्यांचा दोन.

बहात्तर.

मी ओल्या पायानंच गल्लीत पळाले. "टाचेचे दगड आणा!" बाया परत बाहेर आल्या. आता त्यांना खात्रीच पटली की मॅडमले ऊन लागलं. पण दगड आणले. न्हाणीतून, मोरीतून, एक तर कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकण होता तिथून. काहींची भोकं पांढऱ्या स्फटिकांनी बुजलेली होती. ती माझ्या कामाची नव्हती, कारण भरलेल्या भोकात पाणी मावत नाही. पण सत्तरच्या पुढच्या आकड्यांचे जे तुकडे सापडले, त्यांची भोकं उघडी होती आणि अंगावर जुन्या भेगा होत्या. भेगांच्या कडा तांबूस. पाणी वर्षानुवर्षं वाहिलं की दगडाला असा गंज चढतो.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"बहात्तर?" ते म्हणाले. "बहात्तर फूट आपण दोन्ही बोरींत ओलांडले. कोरडे. मग?"

"फूट नसतील सर, मीटर असतील. बहात्तर मीटर म्हणजे दोनशे छत्तीस फूट. आपण दोनशेला थांबलो."

"असतील म्हणजे? तिथं ‘मीटर’ लिहिलंय?"

लिहिलं नव्हतं. नुसता आकडा. त्यांचा प्रश्न बरोबर होता, हेच जास्त चिडवणारं होतं. बोरची गाडी फुटांत बोलते, जुन्या माणसांना विचारलं तर फूटच सांगतील, आणि कंपनीच्या त्या पानावर वरच्या भागासाठी ‘ट्रॅप’शिवाय काही नाही, एककसुद्धा नाही. माझ्या ‘असतील’वर कोण सही करणार?

एक खूण मात्र माझ्याजवळ होती. बोर मारताना दर रॉडला जो खडकाचा चुरा वर येतो, त्याचे ढीग मी ओळीनं लावून घेत असे. रॉड वीस फुटांचा, म्हणून एक ढीग म्हणजे वीस फूट. गाडीवाले यावर हसायचे. फेल गेलेल्या दुसऱ्या बोरचे ढीग अजून तिथे होते, ओट्याच्या पलीकडं, जवळपास त्याच पातळीवर. त्यातला सातवा ढीग लाल होता. म्हणजे एकशे वीस ते एकशे चाळीस फुटांत लाल मातीची पट्टी. तेलविहिरीत ही पट्टी कोणत्या आकड्याला लागली ते कळलं, की एकक आपोआप कळणार.

"मावशी, बोरीच्या दगडात लाल होता काय एखांदा?"

"होता ना. मऊ. तो आमी दिवाळीले ओट्याच्या काठाले घासतो. गेरूसारखा. आता सरला असंन."

तो सरला नव्हता. शेजारच्या घरी तुळशीमागे त्याचं बोटभर बूड शिल्लक होतं. एका बाजूनं झिजून पार तिरकं झालेलं. दुसऱ्या बाजूला रंग शाबूत होता. चाळीस.

चाळीस फूट असता तर आमच्या दुसऱ्या ढिगाला लाल यायला हवं होतं. दुसरा ढीग काळा होता. चाळीस मीटर म्हणजे एकशे एकतीस फूट. सातवा ढीग.

दुसऱ्या दिवशी मी ते तीन दगड साहेबांच्या टेबलावर ठेवले. वरवंटा, टाचेचा दगड आणि लाल बूड. शेजारी सातव्या ढिगातला चुरा, कागदाच्या पुडीत. साहेबांनी टाचेचा दगड जरा लांबूनच बघितला.

"हा धुतलाय ना?"

"धुऊन धुऊनही हा पुरावा टिकलाय सर."

ते बराच वेळ लाल बूड फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "पाणी लागलं नाही तर? खोल जायची परवानगी माझ्या सहीनं जाणार. तुमचं कंत्राट पुढे न्यायची फाइलही माझ्याकडंच येते, हे लक्षात आहे ना?"

"आहे. पण प्रमाणपत्रावरही तुमचीच सही जाणार आहे सर. त्या दोनशे फुटांखाली पाणी नाही, असं तुम्ही लिहून देणार आहात. तिथं तर आपण गेलोच नाही."

त्यांनी पेन उघडलं. मनापासून नाही. पण उघडलं.

बोरची गाडी आली आणि ओट्याजवळ तिसरी बोर सुरू झाली. दोनशे फुटांपर्यंत तोच फुफाटा. गावातली अर्धी माणसं बघायला आली होती, ती दोनशे दहाला जेवायला निघून गेली. वच्छलाबाई ओट्यावर बसून होत्या, पदर नाकाला लावून. दोनशे तीसच्या जरा पुढे गाडीचा आवाज बदलला. फुफाटा ओला झाला. मग चिखल झाला. मग पाणी उसळलं आणि ऑपरेटरच्या तोंडावर आलं. वच्छलाबाईंनी नंदाला फोन लावला आणि गाडीच्या दिशेनं धरून ओरडल्या, "ऐक! ऐकू येते काय?"

पलीकडून नंदाचा आवाज मलाही ऐकू आला. "आत्या, बोरीत आलं म्हणजे नळाले आलं काय?"

बाई बरोबर बोलली. पंपाला वीज जोडायला उन्हाळा संपला. त्याचा अर्ज, त्याचे हेलपाटे, तो वेगळाच वैताग. पण नळाला पाणी आलं आणि त्याच आठवड्यात नंदा लेकराला घेऊन आली. वच्छलाबाई आता पोतेरं दुसरीकडं वाळत घालतात.

इथे हे संपलं असतं तर मी ते लिहिलंच नसतं. लिहायचं कारण पुढे आहे.

पाणी लागलं त्या दुपारी गाडीचा ऑपरेटर ऑफिसचा फॉर्म भरत होता. त्यात एक रकाना असतो, ‘खडकाचा प्रकार’, खोलीप्रमाणे भरायचा. त्यानं वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं: काला पत्थर.

"ये क्या लिखा, भैया? लाल मिट्टी कहाँ गयी? पानी किस पत्थर में लगा?"

"मॅडम, पत्थर तो पत्थर है. पानी मिल गया ना? अब कौन पढ़ेगा?"

तेल कंपनीनं लिहिलं ‘ट्रॅप’. यानं लिहिलं ‘काला पत्थर’. एकाला पाणी नको होतं, दुसऱ्याला पाणी मिळालं होतं, आणि दोघांनाही बाकीचं लिहायचं कारण वाटलं नाही. मी तो फॉर्म परत भरून घेतला. पण जिल्ह्यात रोज कुठे ना कुठे बोर पडते आणि तिथे मी नसते. प्रत्येक वेळी जमीन आपलं सगळं आतलं बाहेर काढून समोर ठेवते, आणि आपण ते पायानं पसरवून त्यावर गाडी वळवतो. मग शेजारच्या वावरात तेच पैसे घालून तोच अंदाज नव्यानं करतो.

मला यातून मिळालेला धडा कोरडा आहे. ज्यानं नोंद टाकून दिली, त्याचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते पाण्याला जाणाऱ्या बाईचं.

म्हणून एक काम सांगते. तुमच्या गावात, वावरात, शेजारी, कुठेही बोर पडत असेल तर तिथे थोडा वेळ उभे राहा. दर रॉडला वर आलेला चुरा मूठभर घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आत कागदावर खोली लिहा. नुसता आकडा नको, पुढे फूट की मीटर तेही लिहा. पाणी लागलं तर कुठे, नाही लागलं तर तेही लिहा. कोरड्या बोरचा चुरा तर आधी घ्या, तो सगळ्यात लवकर फेकला जातो. पिशव्या ओळीनं एका पोत्यात भरा आणि ग्रामपंचायतीत नेऊन द्या. ठेवायला जागा नाही म्हणतील. ठेवून घेईपर्यंत तिथून हलू नका.

आणि आज घरी गेल्यावर न्हाणीतला टाचेचा दगड एकदा उजेडात धरून बघा.